असगेरचा शेवटचा फोटो

१

डबी होती, डबीतला कापूस होता. कॅमेऱ्याचं कार्ड तेवढं नव्हतं.

गेर्डाबाई केबिनच्या दारात उभ्या राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "झोपताना होतं. झोपताना इथंच होतं." तबीथानं त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला पुढं केला आणि टेबलावरच्या त्या प्लास्टिकच्या चिमुकल्या डबीकडे बघत राहिली. डबी नीट बंद करून, होती तिथंच, पत्र्याच्या पेटीत कॅमेऱ्याशेजारी ठेवलेली सापडली होती. पेटीही बंद होती.

तबीथा ग्रोनवोल्डनं उभी हयात पोलिसात काढली होती, राजधानी नूकपासून उत्तरेकडच्या शेवटच्या वस्तीपर्यंत. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना म्हणून उन्हाळ्यापुरती ती 'तेर्ना' या सहलीच्या जहाजावर प्रवाशांची देखभाल बघायची. हरवलेले चष्मे शोधायचे, खिडकीजवळच्या जागेवरून झालेली भांडणं मिटवायची. जहाज छोटं, प्रवासी बहुतेक डेन्मार्कचे पेन्शनर, गळ्यात हातभर लांब लेन्सा अडकवलेले. हिमनग दिसला की सगळे एका बाजूला धावत आणि जहाज त्या बाजूला कलल्यासारखं वाटे. एवढीच काय ती धामधूम.

पण हे कार्ड साधं नव्हतं.

गेर्डाबाईंचा एकुलता एक मुलगा असगेर याच जहाजावर होता. पाहुण्यांना बर्फाचे फोटो कसे काढायचे ते शिकवायचा. गेल्या उन्हाळ्यात, आज जहाज उभं होतं त्याच हिमनदीसमोर, रबरी होडीतून तो फार जवळ गेला. कडा कोसळला, लाट आली, होडी उलटली. असगेर गेला. होडी चालवणारा तित्तुस वाचला. चौकशीत तित्तुसनं मान खाली घालून एवढंच सांगितलं होतं, की होडी जवळ नेली ती चूक माझी. त्याचा होडी चालवायचा परवाना गेला. कॅप्टननं दयेपोटी त्याला जहाजावर धुलाईच्या कामाला ठेवून घेतलं.

असगेरचा देह मिळाला होता, कॅमेरा मिळाला नव्हता. तो यंदा वसंतात एका मच्छीमाराच्या गळाला लागून वर आला. पाणी जाऊन कॅमेऱ्याचं मडकं झालं होतं, पण आतलं कार्ड शाबूत होतं. चौकशी केव्हाच मिटली होती, म्हणून पोलिसांनी न बघताच दोन्ही वस्तू आईकडे पाठवून दिल्या. आणि काल, इलुलिसाट बंदर सोडल्यावर पहिल्याच जेवणाला, गेर्डाबाई उठून उभ्या राहिल्या. हे फोटो मी अजून बघितलेले नाहीत, म्हणाल्या. उद्या त्या हिमनदीसमोर, सगळ्यांबरोबर बघणार आहे. मग त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनाच कळेल.

आणि आज कार्ड नाही.

कॅप्टन योगवान दारात येऊन उभा राहिला. फेरो बेटांवरचा माणूस, बोलणं कमी. त्यानं खोलीवर एक नजर फिरवली आणि तबीथाला बाहेर बोलावलं.

"चादरी बदलायला या केबिनची किल्ली कुणाकडे असते, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "इलुलिसाटला पोचलो की तित्तुसला पोलिसांच्या हवाली करतो. आता माझ्यानं त्याला पाठीशी घालवत नाही."

"किल्ली तुझ्याकडेही असते," तबीथा म्हणाली.



२

तिनं त्याच्याकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि पहिली विचारपूस त्याचीच केली. त्यानं काही लपवलं नाही. हे फोटो पाहुण्यांसमोर दाखवू नका म्हणून तो काल जेवणानंतर गेर्डाबाईंना विनवायला गेला होता. कंपनीची तशी इच्छा होती. त्या ऐकेनात, तेव्हा परत आला. फोटोंची त्याला स्वतःला भीती नव्हती. त्या दिवशी त्यानं होडीला रेडिओवरून दोनदा माघारी बोलावलं होतं आणि ते बोलावणं चौकशीत सगळ्यांनी ऐकलं होतं.

"दोन्ही वेळा उत्तर कुणी दिलं?" तबीथानं विचारलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

सिग्ने डेकवर होती. असगेरची जागा आता तिच्याकडे आली होती. दोघं चार वर्षं एकत्र राहिले होते. अपघाताच्या आदल्याच आठवड्यात त्यांचं मोडलं होतं. समोर हिमनदीचा कडा निळा-पांढरा उभा होता, मधूनच आत कुठंतरी तोफ उडाल्यासारखा आवाज होई आणि पाहुणे कॅमेरे सरसावत. सिग्ने त्यांच्यात फिरून सांगत होती, की एवढं पांढरं बघून कॅमेरा फसतो आणि बर्फ मळकट काढतो, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्या. एका आजोबांनी आपला फोटो दाखवला. त्यात हिमनगाच्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी आलं होतं.

"हे तुमचं बोट, काका," सिग्ने हसली. "रुंद लेन्स लावली की कडेला आपणच येतो. हात, पाय, कधी पोटसुद्धा."

आजोबांची बायको म्हणाली, पोट येणारच, दिवसभर केक खातोय. सगळे हसले. सिग्नेचं हसू मात्र वळताक्षणी मावळलं.

तबीथानं तिला कठड्याशी गाठलं. होय, सिग्नेही काल गेर्डाबाईंच्या केबिनवर गेली होती. सगळ्यांसमोर पडद्यावर बघण्याआधी मला एकटीला एकदा बघू द्या, एवढंच मागायला. बाईंनी दार उघडलं नाही.

"त्यात तुझं काही होतं का, लोकांना दिसू नये असं?"

"माझं? तो माझे फोटो काढायचाच नाही." सिग्नेनं नाक पुसलं. "मला तर ते हवे होते, मावशी. तो कुणाकडे बघत होता शेवटी, एवढंच बघायचं होतं."

तबीथा निघाली, तेव्हा सिग्नेनंच तिला थांबवलं.

"तित्तुसनं होडी जवळ नेली असं सगळे म्हणतात," ती हळू आवाजात म्हणाली. "पण असगेरला दुसऱ्याच्या हातची होडी पटायचीच नाही. एका हातात कॅमेरा, एका हातात इंजिनाचा दांडा. मी किती भांडले त्यावरून."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि तो गेला होता ना. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?"

३

दुपारच्या जेवणाला गेर्डाबाई एकट्याच बसल्या होत्या. ताटात हॅलिबटचा तुकडा तसाच पडून होता. उजव्या हातातल्या काट्यानं त्या तो मोडायला बघत होत्या आणि तो ताटभर सरकत होता. डावा हात काही केल्या कोटाच्या खिशातून बाहेर येत नव्हता. तबीथानं शेजारी बसून मासा कापून दिला. हात दुखतोय का, विचारलं. त्या नाही म्हणाल्या, गारठलाय नुसता. जेवणघरात इतकी ऊब होती की बाकीचे नुसत्या सदऱ्यावर बसले होते.

तबीथा त्यांना बोलू देत गेली. माणूस दुःखात असला की प्रश्नांपेक्षा गप्प बसण्यानं जास्त बोलतो, हा तिचा जुना अनुभव. बाईंनी असगेरच्या लहानपणचं सांगितलं. नवरा लवकर गेला, दोघांनी एकमेकांच्या आधारानं दिवस काढले. चौकशीला त्या येऊ शकल्या नव्हत्या, अंथरुणाला खिळल्या होत्या. अहवाल वाचला आणि रेडिओवाल्यांनी घरी येऊन विचारलं तेव्हा मनात होतं ते बोलल्या. काय बोलल्या ते इथं सगळ्यांना पाठ होतं. 'त्या माणसानं माझा मुलगा मारला.' डॅनिश आणि इथली, दोन्ही भाषांत, दिवसभर, दर बातमीला ते वाक्य लागलं होतं.

"तुम्ही तित्तुसला कधी पाहिलंय?" तबीथानं विचारलं.

"पाहायला कशाला हवं? डोळे मिटले की येतोच समोर. होडीच्या पुढच्या टोकाला उभा, तोंड माझ्याकडे, दोन्ही हात वर करून ओरडतोय." त्या एकदम थांबल्या. मग म्हणाल्या, "स्वप्नं पडतात मला."

तबीथानं मान हलवली आणि आपला कॉफीचा कप उचलला. अहवाल तिनंही वाचला होता. अहवालात तित्तुस मागे, इंजिनाशी बसलेला होता.

तेवढ्यात खलाशांपैकी एकजण घाईघाईनं आला आणि तिच्या कानाशी वाकला. कॅप्टननं वाट न बघता तित्तुसच्या बिछान्याची झडती घेतली होती. उशीखाली कार्ड सापडलं होतं.

४

धुलाईची खोली वाफेनं भरली होती. तित्तुस यंत्राला पाठ टेकून उभा होता. तिशीचा माणूस, पण वर्षभरात खांदे पार उतरले होते. योगवाननं ते कार्ड तळहातावर धरलं होतं.

"ते माझं आहे," तित्तुस म्हणाला.

"काय आहे त्यात?" तबीथानं विचारलं.

तिनं कार्ड घेतलं, दोघांना बरोबर नेऊन ते ऑफिसातल्या संगणकात घातलं, आणि योगवानला शेजारी उभं केलं.

बर्फाचा एकही फोटो नव्हता. एक म्हातारा होता. दारातल्या लाकडी चौकटीवर मासे वाळत घालणारा, कुत्र्यांना खाऊ टाकणारा, तोंडात दात नसताना खदखदून हसणारा. फोटो काढणाऱ्यावर त्या म्हाताऱ्याचा जीव होता, हे सांगावं लागत नव्हतं.

"माझे बाबा," तित्तुस मागून म्हणाला. "असगेरनं काढलेत, दोन वर्षांपूर्वी. साक्काकला आमच्या घरी राहायला आला होता. त्याला डॅनिशशिवाय काही येत नव्हतं, बाबांना डॅनिश दुकानात साखर मागण्यापुरतं. तरी दोघं दिवसभर बोलत बसायचे."

योगवान खाली मान घालून बाहेर निघून गेला. तबीथा तित्तुसबरोबर पुन्हा धुलाईच्या खोलीत आली.

बाबा कसे आहेत, असं तबीथानं विचारलं आणि विचारताक्षणीच तिला उत्तर कळलं. फेब्रुवारीत गेले, तित्तुस म्हणाला. ते रेडिओवरचं वाक्य त्यांनी स्वयंपाकघरात बसून ऐकलं होतं. उठून रेडिओ बंद केला, आणि त्यानंतर मुलाच्या होडीत पाय ठेवला नाही. बर्फ कसा ओळखायचा ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. शिकवून उपयोग काय झाला, एवढं एकदा म्हणाले. पुढं काहीच नाही.

"त्यांना खरं का नाही सांगितलंस?" तबीथानं आता डॅनिश सोडून त्या दोघांच्या भाषेत विचारलं. "दांडा असगेरच्या हातात होता ना?"

यंत्र थांबलं. तित्तुस आतल्या ओल्या चादरी बाहेर ओढू लागला.

"पुढं बर्फाचे तुकडे आले होते, ते वल्ह्यानं सारायला मी पुढं गेलो. त्यानं दांडा मागितला, मी दिला. माघारी फीर म्हणून ओरडलो, तर हसून म्हणाला, एकच फोटो." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "दांडा मी दिला, मावशी. होडी ज्याची, जबाबदारी त्याची. मग मी कुठं खोटं बोललो? आणि त्याला आई होती. मेलेल्या पोराला आणखी काय बोल लावायचा?"

"कार्ड तू घेतलंस?"

"नाही. पण घेतलं असं म्हणालो तर हे संपेल का?"

"खबरदार म्हणशील तर," तबीथा म्हणाली.

५

चोरी झाली की तबीथा आधी एक प्रश्न विचारायची: ही वस्तू राहिली असती तर उघडं कोण पडलं असतं?

योगवान नाही, त्याचं बोलावणं सगळ्यांनी ऐकलं होतं. सिग्ने नाही, तिला फोटो हवे होते, नकोसे नव्हते. तित्तुस तर मुळीच नाही. ज्यानं आधीच सगळा दोष डोक्यावर घेतला, त्याचं फोटो आणखी काय वाईट करणार? उलट त्या फोटोंनी तो सुटलाच असता. जहाजावरच्या जिवंत माणसांपैकी त्या कार्डाला कुणीच भ्यायचं कारण नव्हतं.

राहिला तो एकटा असगेर. आणि असगेरला सांभाळणारं माणूस जगात एकच होतं.

तरी तिला खात्री करून घ्यायची होती. गेर्डाबाई वरच्या डेकवर, हिमनदीकडे तोंड करून बसल्या होत्या. तबीथा जवळ गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, की तित्तुसच्या उशीखाली एक कार्ड सापडलंय.

गेर्डाबाई वळल्या. हरवलेलं सापडल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर नव्हता, भीती होती.

"ते असगेरचं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला सोडा. त्यानं नाही घेतलेलं."

"तुम्ही ते बघितलंही नाही, गेर्डाबाई."

खाली पाहुण्यांचा गलका चालला होता. कड्याचा एक तुकडा सुटला, पाण्यात कोसळला, आणि कॅमेरे एकदम खटाखट वाजले. गेर्डाबाईंनी त्या आवाजासरशी डोळे मिटले. तबीथा त्यांच्या शेजारी बसली.

"घाईतला चोर डबीसकट नेतो," ती हळूच म्हणाली. "कापूस परत नीट बसवून, डबी लावून ठेवतो तो चोर नसतो. तुमचा डावा हात सकाळपासून खिशात आहे. आणि तित्तुस पुढच्या टोकाला उभा होता, हे अहवालात कुठंच नाही. ते फक्त फोटोत असणार."

तो हात खिशातून बाहेर आला. मूठ उघडली. कार्डाच्या कडा तळव्यावर लाल उमटल्या होत्या.

"एप्रिलमध्येच बघितले मी," गेर्डाबाई म्हणाल्या. "एकटीनं. कुणाला सांगितलं नाही."

शेवटच्या फोटोत तित्तुस होता. पुढच्या टोकाला, तोंड कॅमेऱ्याकडे, दोन्ही हात वर, मागे बर्फाची भिंत. आणि फोटोच्या खालच्या कडेला, काढणाऱ्याच्या लक्षातही न आलेला, इंजिनाच्या दांड्यावर घट्ट आवळलेला एक हात. त्या हातात निळा लोकरीचा हातमोजा.

"तो मोजा मी विणलेला आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा असेल असं म्हणायलाही जागा नाही ठेवली त्यानं."

मग त्या बोलत सुटल्या. त्या निरपराध माणसाला सगळ्यांसमोर मोकळं करायचं, माफी मागायची, हेच ठरवून त्या आल्या होत्या. काल बोलल्या तेव्हा मनापासून बोलल्या. पण सकाळी पडदा बाजूला केला आणि समोर तो कडा दिसला. या इथं माझा मुलगा गेला, आणि याच जागी मी त्याला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवणार? हात धजेना. नाही दाखवत म्हटलं तर लोक कारण विचारणार. चोरी झाली म्हटलं की कुणी विचारत नाही. तित्तुसवर आळ येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खरंच नव्हतं आलं?" तबीथानं विचारलं.

गेर्डाबाईंनी कार्डावर मूठ पुन्हा मिटली. "आलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा त्याला दोष देऊन झाला होता ना. दुसऱ्यांदा सोपं गेलं."

६

तबीथानं त्यांना काही करायला सांगितलं नाही. तित्तुस काय म्हणाला तेवढं सांगितलं. बाबांचं, रेडिओचं आणि फेब्रुवारीचंही. ते ऐकताना गेर्डाबाई हळूहळू पुढं वाकत गेल्या आणि तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी, न मावळणाऱ्या लख्ख उन्हात, पडदे ओढून त्यांनी ते फोटो दाखवले. हिमनग, हिमनग, पाण्यावर डोळे काढणारा सील, पुन्हा हिमनग. शेवटच्या फोटोवर त्या उठून पडद्यापाशी गेल्या आणि त्या निळ्या मोज्यावर बोट ठेवलं. "हा माझा मुलगा," एवढंच म्हणाल्या. सिग्ने मागच्या बाकावर तोंडावर हात धरून बसली होती. तो शेवटी कुणाकडे बघत होता ते तिला कळलं होतं. योगवान तिथल्या तिथं चौकशीवाल्यांना कळवायला गेला. तित्तुस आलाच नव्हता. खाली यंत्राचा आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवशी जहाज साक्काकला थांबलं. पाहुणे वाळत घातलेल्या माशांचे आणि कुत्र्यांच्या पिल्लांचे फोटो काढत पांगले. गेर्डाबाईंनी तित्तुसला विचारलं, तुझ्या बाबांकडे नेशील का? तो वस्तीच्या वाटेनं चालू लागला. बाईंनी तबीथाचा हात सोडला नाही, म्हणून तीही गेली.

दफनभूमी वस्तीच्या वर, खडकाळ उतारावर होती. पांढरे लाकडी क्रूस, त्यांच्या पायाशी प्लास्टिकची फुलं. तित्तुसच्या बाबांचा क्रूस अजून नवाकोरा होता. गेर्डाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, कोटाची बटणं लावली, पुन्हा सोडली.

"त्यांना डॅनिश येत नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. "मग मी बोलते ते तू त्यांना सांग. जसंच्या तसं."

तित्तुसनं मान डोलावली.

"मी असगेरची आई," गेर्डाबाई म्हणाल्या. "दांडा माझ्या मुलाच्या हातात होता. तुमच्या मुलानं त्याला अडवलं, तो ऐकला नाही. मी रेडिओवर बोलले ते खोटं होतं, आणि ते ऐकून तुम्ही गेलात. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती. तुम्ही दोघांनी मला माफ करावं."

त्या थांबल्या. तित्तुस खाली वाकला, क्रूसावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत सावकाश बोलला.

"बाबा, या असगेरच्या आई. एवढ्या लांबून तुम्हाला भेटायला आल्यात. दांडा मी सोडायला नको होता. तुम्ही शिकवलं होतं, मी विसरलो. त्या म्हणतात, त्यांनी मला माफ केलंय."

वाऱ्यानं प्लास्टिकची फुलं खडखडली. गेर्डाबाईंनी एकदा तित्तुसच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि मग तबीथाकडे. तित्तुसखेरीज दोन्ही भाषा कळणारी तिथं ती एकटीच होती.

"सांगितलं त्यानं सगळं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "जसंच्या तसं?"

तित्तुसनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण तो तबीथाकडे रोखून बघत होता. उभ्या आयुष्यात तिनं साक्षीदारांचं बोलणं एका भाषेतून दुसरीत केलं होतं आणि त्यात कधी अक्षराचा फरक होऊ दिला नव्हता.

"शब्दन्‌शब्द," ती म्हणाली.

गेर्डाबाईंनी सुटलेली बटणं लावली आणि त्या उताराकडे वळल्या. तित्तुसनं पुढं होऊन त्यांना धरलं. खाली उतरायची वाट सुट्या दगडांची होती. त्यानं त्यांचा हात आपल्या काखेत घेतला आणि कुठं पाय ठेवायचा ते एकेक दगड दाखवत त्यांना खाली नेऊ लागला.